स्विचच्या दारातली रांग

संध्याकाळचे सहा वाजले की आमच्या पतसंस्थेतले फोन तुटायला लागायचे. तासगाव शाखेतला माणूस "ताई, आजचं क्लोजिंग..." एवढं म्हणायचा आणि पुढचं वाक्य चिरलेल्या कोबीसारखं तुकड्या-तुकड्यांत यायचं. त्याच वेळी विटा, जत, आटपाडी अशा शाखांचे दिवसअखेरचे व्यवहार स्क्रीनवर गोल फिरत बसायचे. मी या संस्थेचा अख्खा 'संगणक विभाग' आहे, म्हणजे एकटी. त्यामुळे या तक्रारी माझ्या मोबाइलवर यायच्या, आणि तो मात्र अगदी स्पष्ट ऐकू यायचा.

मे ते सप्टेंबर २०२४ या काळात मी हे प्रकरण निस्तरलं. व्हर्च्युअल स्विचच्या पोर्टवर ट्रॅफिकच्या रांगा कशा लावायच्या याबद्दल मराठीत मला काहीच सापडलं नव्हतं. म्हणून जे झालं ते चुकांसकट लिहून ठेवते आहे.

आधी मांडणी सांगते. सांगलीत मुख्य कार्यालय, नऊ शाखा. सर्व्हर एकच, त्यावर केव्हीएममध्ये (एका संगणकात अनेक संगणक चालवणारं लिनक्सचं सॉफ्टवेअर) तीन व्हर्च्युअल मशीन: एकावर शाखांचं बँकिंग सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर टेलिफोन एक्स्चेंज, तिसऱ्यावर फाइली आणि बॅकअप. ही तिन्ही आणि बाहेर जाणारी वायर एकमेकांना जोडतो ओपन व्हीस्विच. हा सॉफ्टवेअरमधला स्विच. डबा नाही, लुकलुकणारे दिवे नाहीत, पण पोर्ट आहेत. प्रत्येक मशीनचा एक टॅप पोर्ट, आणि राउटरकडे जाणारा एक खरा, १ जीबीपीएसचा पोर्ट. राउटरच्या पुढे २० एमबीपीएसची लीज्ड लाइन. शाखांचं व्हीपीएन, म्हणजे शाखांना जोडणारी कुलूपबंद वाट, राउटरवरच.

सहा वाजता काय व्हायचं हे शोधायला अक्कल लागत नव्हती. बाहेरच्या डेटा सेंटरकडे त्याच लाइनवरून जाणारा बॅकअप सुरू व्हायचा. रोज साधारण १४ जीबी, म्हणजे लाइन पूर्ण मिळाली तरी दीड तास. "मग रात्री दोनला लाव की," असं मला किमान सहा जणांनी सुचवलं. पण पलीकडच्या डेटा सेंटरने आम्हाला दिलेली वेळच सहा ते नऊ आहे. करारात लिहिलेली. वेळ बदलून मिळेल का विचारलं तर दुसऱ्या दराचा प्रस्ताव आला.

जूनचा पहिला आठवडा मी फक्त मोजमाप केलं. दिवसा पिंग, म्हणजे डेटाचं छोटं पाकीट (पॅकेट) जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, ६ मिलिसेकंद. सहा वाजून पाच मिनिटांनी ६५० ते ७००. लाइनवाल्यांकडे तक्रार नोंदवली, तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की लाइन स्वच्छ आहे. ते खरंच होतं. लाइन स्वच्छच होती, भरलेली होती.

मंगळवार ११ जूनला आयटी उपसमितीची सभा होती. माझा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदरात, म्हणजे चहा-पोहे होऊन सगळे घड्याळाकडे बघायला लागल्यावर. समोर नव्या राउटरची तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता. सगळ्यात स्वस्त राउटर १,६४,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. मी म्हटलं, लाइनवर कुणाला आधी सोडायचं हे ठरवायची सोय आपल्या स्विचमध्येच आहे, मला एक महिना द्या.

"फुकटचं सॉफ्टवेअर म्हणता, मग गॅरंटी कुणाची?" साहेबांनी विचारलं.

मी सांगितलं की ओपन व्हीस्विचचा कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) भाग २०१२ मध्ये, ३.३ आवृत्तीपासून लिनक्समध्येच आहे, आणि २०१६ पासून हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे आहे. साहेबांना यातलं 'फाउंडेशन' आवडलं असावं. ठराव झाला: एक महिना प्रयत्न, प्रत्येक बदलाआधी लेखी परवानगी, अर्जावर व्यवस्थापक, उपसमिती सदस्य आणि अंतर्गत हिशेब तपासनीस अशा तीन सह्या. अर्जाच्या नमुन्यात 'बदल फसल्यास पूर्ववत करण्याची योजना' असा एक रकाना होता. तेव्हा मी तो वैतागून भरला. पुढे त्याच रकान्याने मला वाचवलं.

प्रयोगासाठी अडगळीतला एक डेस्कटॉप घेतला, त्यात १,३५० रुपयांचं दुसरं लॅन कार्ड टाकलं. संपूर्ण प्रकरणातला रोख खर्च एवढाच.

पहिला उपाय मला सगळ्यात सोपा वाटला तो केला. बॅकअप मशीनच्या इंटरफेसवर 'इनग्रेस पोलिसिंग'चा, म्हणजे स्विचमध्ये आत येणाऱ्या वाहतुकीवरच्या पहाऱ्याचा, दर ८,००० लिहिला. हा आकडा किलोबिटमध्ये असतो, म्हणजे ८ एमबीपीएस. शनिवारी २२ जूनला लावला. फोन एकदम स्वच्छ! मी घरी जाऊन झोपले. रविवारी सकाळी बघते तर नऊपर्यंत बॅकअपचा दहावा भागही झाला नव्हता, आणि वेग ८ सोडाच, १ एमबीपीएसच्या खाली.

इथे मला दोन गोष्टी उमगल्या. पोलिसिंगमध्ये रांग नसतेच. दारावर पहारेकरी उभा असतो, दरापेक्षा जास्त पॅकेट आली की तो त्यांना थांबवत नाही, सरळ फेकून देतो. टीसीपीला (डेटा नीट पोहोचल्याची खात्री करणाऱ्या नेटवर्कच्या पद्धतीला) पॅकेट हरवलेलं दिसलं की ते वेग कमी करतं. त्यात मी बर्स्टचा, म्हणजे दरापेक्षा जास्त एकदम किती जाऊ द्यायचं याचा, आकडा शंभर किलोबिट ठेवला होता, म्हणजे साडेबारा केबी. व्हर्च्युअल मशीनमधून येणारं पॅकेट मात्र ऑफलोडिंगमुळे (तुकडे करायचं काम पुढे ढकलल्यामुळे) कधी कधी ६४ केबीचा गठ्ठा असतो. दारापेक्षा गठ्ठाच मोठा, तो आत येणार कसा? म्हणून बर्स्ट वाढवून दराच्या १० टक्के ठेवायचं ठरवलं. ८०० केल्यावर वेग सुधारला. पण सुधारून झाला किती, तर ८. त्या वेगाने १४ जीबीला चार तास लागतात आणि आमच्याकडे तीनच. शिवाय शाखा साडेसातला बंद झाल्यावर लाइन रिकामी असली तरी बॅकअप आपला ८ वरच रांगणार. मला फेकणारा पहारेकरी नको होता, रांग लावणारा हवा होता.

आता जो भाग समजायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले, त्याबद्दल सविस्तर लिहिते.

ओपन व्हीस्विच रांग लावतो ती फक्त बाहेर पडण्याच्या दारात. आणि आत-बाहेर हे स्विचच्या नजरेतून ठरतं, मशीनच्या नव्हे. बॅकअप मशीन जे 'पाठवतं' ते स्विचसाठी टॅप पोर्टवरून आत येणं आहे. तेच पॅकेट राउटरकडच्या पोर्टवरून निघतं तेव्हा ते बाहेर जाणं. म्हणून रांग लावायची ती खऱ्या पोर्टवर. मी दोन दिवस टॅप पोर्टवर रांगा लावून 'काहीच का होत नाही' म्हणून डोकं धरून बसले होते. उलट्या दिशेची वाहतूक, म्हणजे बाहेरून मशीनकडे येणारी, ती टॅप पोर्टवर रोखता येते.

दुसरी मेख याहून मोठी. आमचा खरा पोर्ट १ जीबीपीएसचा. त्याच्या दृष्टीने २० एमबीपीएस म्हणजे काहीच नाही, त्यामुळे त्याच्या दारात कधी रांग लागतच नव्हती. सगळं धडाधड राउटरकडे जायचं आणि रांग लागायची राउटरमध्ये, जिथे माझं काही चालत नाही. किर्लोस्करवाडी स्टेशनात गाडी थोडाच वेळ थांबते आणि लोक पुलावर अडकलेत, तर फलाटावर दोरी बांधून काय उपयोग? रांग आधी आपल्या दारात आणावी लागते, मगच कोण पुढे कोण मागे हे आपण ठरवू शकतो. त्यासाठी पोर्टला मुद्दाम खोटं सांगायचं की तू लाइनपेक्षा थोडा अरुंद आहेस.

थोडा म्हणजे किती? १९.५ वर पिंग अजून दोनशेच्या आसपास. १९ वर बरं. १८ वर १२ ते १५ मिलिसेकंद. कारण साधं आहे: स्विचमधून निघाल्यावर राउटर प्रत्येक पॅकेटला व्हीपीएनचं वेष्टण घालतो. लाइनवर जातं ते स्विचने मोजल्यापेक्षा जास्त. फोनच्या छोट्या पॅकेटांत तर वेष्टणाचाच भाग डोळ्यात भरतो.

रांगांचा हिशेब मी वहीत केला. आमच्या फोनवर जी.७११ कोडेक (आवाजाचा डेटा करायची पद्धत) आहे: सेकंदाला ५० पॅकेट, प्रत्येकात १६० बाइट आवाज, हेडर (पॅकेटवरचा पत्ता वगैरे) धरून एका कॉलला एका दिशेने सुमारे ८७ केबीपीएस. एका वेळी दहा कॉल धरले तरी ०.९ एमबीपीएस. म्हणून फोनची रांग क्रमांक १, हमी (म्हणजे किमान मिळणारा वेग) २ एमबीपीएस, कमाल ४. बँकिंग रांग क्रमांक २, हमी ८, कमाल १८. बॅकअप रांग क्रमांक ३, हमी २, कमाल १८. उरलेलं सगळं रांग क्रमांक ०, हमी ४. हमींची बेरीज १६, ती १८ च्या आत हवी. बेरीज वर गेली तर ती हमी म्हणजे निवडणुकीतलं आश्वासन. ही सगळी वाटणी लिनक्समधला एचटीबी नावाचा वाटपकर्ता करतो, ओपन व्हीस्विच पडद्यामागे टीसी या लिनक्सच्या ट्रॅफिक-नियंत्रण साधनालाच कामाला लावतो. याची खुबी ही की कुणी आपला वाटा वापरत नसेल तर तो दुसऱ्याला उसना मिळतो. उसन्याच्या रांगेत आधी कोण, हे 'प्रायॉरिटी'ने ठरतं, आणि तिथे लहान आकडा म्हणजे मोठा मान. फोनला ०, बँकिंगला १, बॅकअपला ७.

रांग क्रमांक ० विसरू नका. कोणत्याही रांगेत न घातलेलं पॅकेट तिथे जातं. तुम्ही ती लिहिली नाही तर ती आपोआप तयार होते, पण हमी जवळपास शून्य. आमच्या लेखा विभागाचे ईमेल मी प्रयोगात असेच उपाशी ठेवले होते.

अर्ज २४ जूनला दिला. तिसरी सही मिळायला बारा दिवस लागले, कारण तपासनीस लेखापरीक्षणाला शाखांच्या दौऱ्यावर. शनिवार ६ जुलैची दुपार ठरली.

त्या दिवशी मी घरून सर्व्हरवर लॉगिन केलं, समोर मंजूर अर्ज ठेवला आणि साडेचार वाजता कमाल दर टाइप केला: १८०००. अर्जात मी 'कमाल दर १८,००० केबीपीएस' असं लिहिलं होतं ना! पोलिसिंगचा आकडा किलोबिटमध्ये, आणि क्यूओएसचा (रांगांच्या या सगळ्या मांडणीचा) 'मॅक्स-रेट' मात्र नुसत्या बिटमध्ये. एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन मापं. मी अख्ख्या पतसंस्थेची लाइन १८ केबीपीएस करून टाकली होती. मोडेमच्या जमान्यापेक्षाही हळू.

आणि माझं स्वतःचं लॉगिन त्याच पोर्टमधून! अक्षर टाइप केलं की ते स्क्रीनवर कधी उमटेल याची वाट बघायची. जत शाखेच्या व्यवस्थापकांचा मोबाइलवर फोन आला: "ताई, हितं समदं बंद पडलंय की. गिऱ्हाईक उभं हाय." घशाला कोरड पडली होती. मी म्हटलं, "दादा, दहा मिनिटं द्या." दहा का? कारण 'पूर्ववत करण्याची योजना' या रकान्यात मी लिहिलं होतं की बदलाआधी सर्व्हरवरच दहा मिनिटांनंतरची वेळ लावून क्यूओएस काढून टाकणारी कमांड ठेवली जाईल. लिहिलं होतं म्हणून ठेवली होती. चार चाळीसला लाइन परत आली. ती दहा मिनिटं मी खिडकीतून शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं धुणं बघत काढली.

रविवारी ७ जुलैला मी ऑफिसमध्ये गेले, सर्व्हरसमोर कीबोर्ड घेऊन बसले, आणि १८ वर सहा शून्यं मोठ्याने मोजत लिहिली.

रांगा तयार झाल्या तरी पॅकेटांना त्यात घालायचं काम वेगळं असतं. त्यासाठी ओपनफ्लोचे नियम, म्हणजे कोणत्या पॅकेटचं काय करायचं हे स्विचला सांगणारे नियम, लिहावे लागतात: अशा पॅकेटला 'सेट-क्यू १', मग 'नॉर्मल' (नेहमीसारखं जाऊ दे). क्रम हाच हवा. मी आधी नॉर्मल आणि नंतर सेट-क्यू लिहिलं होतं, म्हणजे माणूस निघून गेल्यावर त्याला रांगेचा नंबर देणं. फोनची पॅकेटं ओळखायला एक्स्चेंजमध्ये डीएससीपी ४६ (पॅकेटच्या हेडरमधली प्राधान्याची खूण) लावलं. नियमात टीओएसचं (ती खूण ज्यात असते त्या आठ बिटांच्या रकान्याचं) माप वापरलं तर तोच आकडा १८४ होतो, कारण तो दोन बिट डावीकडे सरकतो, म्हणजे चारने गुणायचा. आकडेवारी टीसीमध्ये बघताना अजून एक फसगत: रांग १ ही तिथे वर्ग १:२ म्हणून दिसते, रांग २ ही १:३. एक पुढे. आणि हे आकडे सोळाच्या पायावर (हेक्साडेसिमल) लिहिलेले, ज्यात अकरा म्हणजे 'बी', त्यामुळे रांग क्रमांक १० ही १:बी. मी अर्धा तास बँकिंगची रांग रिकामी का म्हणून भलताच वर्ग बघत होते.

सोमवारी ८ जुलैला सहा वाजता मी फोन हातात घेऊन तासगावला कॉल लावला आणि पलीकडच्याला म्हटलं, काहीतरी बोलत राहा. त्याने मला पावसाची, द्राक्षबागेच्या औषधाची आणि मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाची सगळी हकिकत सांगितली. एक शब्द तुटला नाही. बॅकअप आठ वाजून वीस मिनिटांनी संपला.

पण शाखांचे व्यवहार मधूनच एक-दीड सेकंद अडखळायचे. एचटीबीच्या प्रत्येक वर्गाखाली साधी पहिला-आला-पहिला-गेला रांग असते, लांबी पोर्टच्या टीएक्स-क्यू-लेनएवढी (रांगेत मावणाऱ्या पॅकेटांची मर्यादा), आमच्याकडे १,०००. हजार पॅकेटं, प्रत्येकी १,५०० बाइट, म्हणजे १२ मेगाबिट. वाट्याला १० एमबीपीएस आले तर शेवटच्या पॅकेटला १.२ सेकंद ताटकळणं आलं. कुणी मोठा अहवाल छापायला घेतला की बाकीच्यांच्या नोंदी त्याच्यामागे. शनिवारी १३ जुलैला (नवा अर्ज, या वेळी सह्या चार दिवसांत) वर्गांखाली टीसीने एफक्यू-कोडेल लावला. तो प्रत्येक संभाषणाला वेगळी छोटी रांग देतो आणि फार वेळ तुंबलेलं पॅकेट वेळीच टाकून देतो. अडखळणं थांबलं.

आषाढी झाली, मी जरा निवांत झाले, आणि २१ जुलैच्या रविवारी रात्री वीज गेली. यूपीएस संपला, सर्व्हर बंद पडून पहाटे सुरू झाला. सोमवारी सहा वाजता फोन पुन्हा तुकड्या-तुकड्यांत.

क्यूओएस आणि रांगा डेटाबेसमध्ये साठवलेल्या असतात, त्या जशाच्या तशा होत्या. ओपनफ्लोचे नियम मात्र स्मरणात असतात, ते मशीन बंद पडलं की गेले. स्विच साध्या स्विचसारखा चालत होता, आणि सगळी पॅकेटं निमूट रांग क्रमांक ० मध्ये. हाताने लावलेला एफक्यू-कोडेलही गायब. त्या रात्री साडेनऊपर्यंत बसून नियम एका फाइलमध्ये ठेवले आणि स्विच सुरू झाल्यावर ते व टीसीच्या ओळी पुन्हा भरणारी सेवा लिहिली. काही नियम मी पोर्ट क्रमांकावर लिहिले होते. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर टॅप पोर्टचे क्रमांक बदललेले निघाले! ते सगळे आयपी पत्त्यावर आणले. मग मुद्दाम तीनदा सर्व्हर बंद-चालू करून बघितला. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

त्याच रात्री डेटाबेस उघडला तर क्यूओएसच्या ७ नोंदी आणि रांगांच्या २६. वापरात एक आणि चार. पोर्टवरून क्यूओएस काढलं तरी नोंद मरत नाही, ती वेगळी पुसावी लागते. माझा प्रत्येक फसलेला प्रयत्न तिथे हारीने उभा होता. पुसण्याआधी एक छापून वहीत चिकटवला: १८०००.

शुक्रवारी ६ सप्टेंबरला, गणपतीच्या आदल्या दिवशी, सगळ्या शाखांत पैसे काढायला झुंबड होती आणि क्लोजिंग साडेआठपर्यंत चाललं. बॅकअप आठ वाजून एकावन्न मिनिटांनी संपला. करारातल्या वेळेला नऊ मिनिटं बाकी. फोनबद्दल एकही तक्रार आली नाही. खरं तर कुणाचा फोनच आला नाही, म्हणून मीच साडेसहाला दोन शाखांना करून बघितला.

ऑक्टोबरमध्ये तपासनीसांची शेऱ्यांची यादी आली. मुद्दा क्रमांक १४: 'नेटवर्क सुधारणेबाबत ठराव दिसून येतो, मात्र सॉफ्टवेअर खरेदीचे बिल फाइलला आढळून आले नाही. खुलासा करावा.' मी लॅन कार्डाचं १,३५० रुपयांचं बिल जोडलं आणि सॉफ्टवेअरच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं. खुलासा परत आला. 'निरंक' असल्यास तसा दाखला जोडावा, म्हणे. दाखला कुणाचा, हे मी विचारलं आहे.